पाठीमागून विचारा

मी, राजाराम भिवा खरात, वय ६३, राहणार इस्लामपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की, माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे. कान गेले आहेत, अक्कल नाही.

१. ज्या साखर कारखान्यात मी एकतीस हंगाम टर्बाइनपाशी उभा राहिलो, त्याचे नाव लिहून कागद खराब करणार नाही. बहिरेपणाच्या भरपाईचा माझा दावा मी मेल्यावरही चालवावा. फाईल मुलगी आम्रपाली हिला देतो. तिने तडजोड करू नये. साहेब पेढे घेऊन आला तर पेढ्यांसकट बाहेर काढावा.

२. कारखान्याचा वकील दर तारखेला एकच कागद नाचवतो: तपासणीत मला ‘ऐकू व्यवस्थित’ असा शेरा आहे म्हणे. टर्बाइनच्या आवाजात आम्ही ओठ वाचूनच बोलायचो. कारखान्याचा डॉक्टर समोर बसून विचारायचा, “ऐकू येतंय का?” आम्ही ओठ बघून म्हणायचो, “व्हय.” नापास होणाऱ्याला पुढच्या हंगामाला बोलावत नसत. चूक माझी, कबूल. पण डॉक्टरलाही ते माहीत होते. तो हसायचा, हरामखोर.

३. टाइमकीपर ज्योतिबा याने कानात घालायच्या बोळ्यांच्या वहीत आमच्या सह्या घेतल्या, बोळा एकही दिला नाही. त्याने माझ्या मातीला येऊ नये. माझे पाने व हातोडे फिटर मुजीब याला द्यावेत. खरी साक्ष देणारा तो एकटाच निघाला.

४. घर व बँकेतली शिल्लक हयातभर पत्नी चंद्राबाईची. नंतर घर मुलगा राजरत्न याचे. तो माझ्याच जागी टर्बाइनपाशी लागला आहे. नोकरी टिकावी म्हणून त्याने कोर्टात सांगितले, “वडिलांना घरी नीट ऐकू येतं.” मी त्याला माफ केलेले नाही.

गेल्या रविवारी चंद्राबाईने त्याला पाठीमागून तीनदा हाक मारली. तो वळला नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आवं, ह्यो बी गेला.” तिचे ओठ मी वाचले. तो म्हणतो, लक्ष नव्हतं. मीही तिला वीस वर्षे हेच सांगत होतो.

म्हणून अट: राजरत्नने विश्रामबागेतल्या कानाच्या डॉक्टरकडे जावे. डॉक्टरने त्याच्या पाठीमागे उभे राहून विचारावे. जे निघेल तो कागद आम्रपालीच्या फाईलला लावावा. तोवर घर त्याच्या नावावर करू नये.

टायपिस्टने शेवटी ‘वाचून दाखवले, ते ऐकून सही केली’ असे छापले होते. ते मी खोडले आहे. मी स्वतः वाचून सही केली.

सही: राजाराम भिवा खरात
साक्षीदार: १. विजयमाला शंकर लोखंडे २. तारिक इमाम मुल्ला
इस्लामपूर, १२ जानेवारी २०२५