मयताच्या घरचा तिसरा भिडू

इलोइलो, फिलिपिन्स, रविवार, चर्चमधल्या मिस्सेनंतर

प्रिय मानांग पर्पेतुआ,

तुझा हात कपाळाला लावून धाकट्या क्रिसान्तोचा नमस्कार. थोरल्या बहिणीची, माझ्या मानांगची, आठवण रोज येते. तिकडे कतारला, दोह्याच्या इस्पितळात उभं राहून राहून गुडघे दुखतात म्हणाली होतीस, आता कसे आहेत? मी बरा आहे असं लिहिणार होतो, पण नाही. मला धक्का बसलाय. तूही बसूनच वाच.

तुला ठाऊकच आहे, मी विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतो आणि जुगाराचं व्यसन सोडवणं हा माझा खास विषय (दर गुरुवारी रेडिओवरूनही सोडवतो). बाबा गेल्यापासून आई किती कनवाळू झाली, हे मी तुला कौतुकाने कळवत आलो. कुणाचंही मयत असो, ही काळा झगा चढवून हजर, शवपेटीजवळ तासन्‌तास बसणार. वर्गात मी तिचं उदाहरण देत असे. आता आठवलं की घाम फुटतो.

काल दुपारी विद्यार्थ्यांना घेऊन हारो भागातल्या एका मयताच्या घरी गेलो. आपल्याकडे मयताच्या घरी पत्ते चालतात, प्रत्येक डावातला वाटा दफनखर्चाच्या डब्यात पडतो, म्हणून पोलीस काणाडोळा करतात आणि पाद्रीबुवा दुसरीकडे बघून खाकरतात. भल्या माणसाला जुगार लागतो तो इथूनच, हे मला पोरांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं. अंगणात मंडप, कॉफी, बिस्किटं, आणि एका टेबलाभोवती ही गर्दी. मी पोरांना म्हटलं, नीट बघा, व्यसनी माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो. गर्दी बाजूला झाली आणि मानांग, तो चेहरा आपल्या आईचा निघाला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात पत्ते, आणि समोरच्या हवालदाराला (गणवेशात होता गं) ती दटावत होती, "टाक की पान, का माझंही मयत बघूनच उठणारेस?"

मी कसंबसं विचारलं, इथे गेलंय कोण? म्हणाली, "थांब, हा डाव होऊ दे, मग विचारते कुणाला तरी." सकाळपासून तिथे बसली होती बाई. पोरं भराभर टिपून घेत होती.

ओढून रिक्षात घातली, मागून वह्या घेऊन दोन-तीन पोरंही चढली, तर पुढचा धक्का. मयताच्या घरून थेट स्वतःच्या घरी जायचं नाही, आत्मा मागोमाग येतो, वाटेत कुठेतरी थांबायचं, ही आपली रीत. आईने ती कधी मोडली नाही. ती वाटेत दुसऱ्या मयताच्या घरी थांबते. तिथून निघाली की पुन्हा तीच अडचण, म्हणून तिसऱ्या.

मी माझं सगळं शास्त्र तिच्यापुढे ओतलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं तुझं? आता सांग, उद्या मी गेले की माझ्या पेटीजवळ जागायला कोण येणार? पर्पेतुआ तिकडे. तुझ्या ओळखीचे म्हणजे तू बरे केलेले जुगारी, त्यांना तू पत्त्यांच्या आसपास फिरकू देत नाहीस. मी लोकांकडे बसले तर लोक माझ्याकडे बसतील ना रे? रिकाम्या मंडपात एकटं पडून राहायची भीती वाटते मला." मानांग, मी रिक्षात रडलो. पोरांसमोर.

तेव्हा विनंती अशी की आईला काही महिने तुझ्याकडे घेऊन जा. ही सवय सुटायलाच हवी.

तुझा भाऊ,
प्रा. क्रिसान्तो माग्बानुआ

ता. क. वरचं आईने वाचलं. ती येणार नाही. मात्र मी रोज दुपारी घरी येऊन तिच्याशी खेळलो, तर परक्यांची मयतं सोडीन म्हणते. डाव तिघांचा असतो. शेजारच्या सालुदमावशी तयार आहेत, तिसरा मी.

आणखी एक ता. क. मला पत्ते येत नाहीत. या विषयावर पुस्तकं लिहिली, पण पान हातात धरलं नाही. तू नर्सांच्या वसतिगृहात कुणाला जिंकू देत नव्हतीस असं आई सांगते, तेव्हा सगळे नियम सविस्तर लिही. ती गेल्यावर तिच्या मंडपातला पहिला डाव मी मांडायचा असं तिने वचन घेतलंय. मी फार मठ्ठ आहे, मला शिकायला खूप वर्षं लागतील, असं तिला तूही सांग.