मैत्रेयीने लावलेला क्रम

रविवार, १० ऑगस्ट

तक्रार नोंदवून ठेवतो, कारण ऐकून घेणारं घरात कोणी नाही. या देशात पुस्तकांना कपडे घालतात! दुकानदार विचारतो, कव्हर घालू का— हो म्हटलं की तपकिरी कागदात असं गुंडाळतो की प्रत्यक्ष लेखकालाही ओळखू येऊ नये. आपण काय वाचतो ते गाडीत शेजारच्याला कळू नये म्हणून म्हणे. मलाच कळत नाही त्याचं काय? आज सकाळी भयकथा समजून एक उघडलं. चाळीस पानं भुताची वाट पाहिली. एक म्हातारी दिवे पुसत होती. तिच्यावरच संशय धरून बसलो. मग दिवा बोलायला लागला, तेव्हा उलगडा झाला. अद्भुतकथा! चाळीस पानांची भीती फुकट गेली.

पुस्तकं मैत्रेयीने आणून दिली. पुण्याच्या संपादकांना दिवाळी अंकासाठी ‘जपान काय वाचतो?’ असा लेख हवाय, आणि अट अशी की थोरामोठ्यांचं साहित्य नको, भुतं-जादू-चित्रकथाच हव्यात. मी सोळा वर्षं टोकियोहून वार्तापत्रं लिहितोय आणि यातलं एकही पुस्तक कधी उघडलेलं नाही. हे ऐकून कन्या हसली. “बाबा, तू इथे राहतोस की नुसता पत्ता आहे तुझा?”

वीस वर्षांची झाली. आली तेव्हा चार वर्षांची होती. सात पुस्तकांवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून एक ते सात आकडे घातलेत तिने. “क्रम बदलायचा नाही. प्रॉमिस?”

दिलं. देवः देवौ देवाः सुद्धा न म्हटलेली पिढी मला अध्ययनक्रम आखून देते!

सोमवार, ११ ऑगस्ट

आज सुट्टी. आमच्या सौ. दमयंतीची कावासाकी शहरातली कंपनी बंद, म्हणजे घरात मालक हजर. (ती कमावते, मी लिहितो. ही वाटणी पहिल्यापासूनची.)

पहिलं संपवलं. दिवे पुसणाऱ्या म्हातारीची शिकाऊ पोरगी तळ्याखालच्या नगरात निघून जाते आणि घरी पत्रं लिहिते की मी शेजारच्याच गावात आहे. बाप बिचारा प्रत्येक पत्र चुलीजवळ बसून मोठ्याने वाचतो. छान लिहिलंय, खोटं कशाला बोलू. अद्भुत रसाला करुणाची इतकी हलकी किनार आमच्या संस्कृतच्या गुरुजींनाही आवडली असती.

“कितवं वाचतोयस?” दमयंती.

“पहिलं झालं.”

“बरं.” आणि स्वयंपाकघरात गेली. एरवी माझ्या वाचनाची चौकशी ती फक्त वाचन थांबवण्यासाठी करते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

भयकथा. या वेळी खरी.

घरात शिरताना इथे ‘तादाइमा’ म्हणतात, म्हणजे आले हो! या कादंबरीतल्या बापाला रोज पाच वाजता दारात लेकीचा ‘तादाइमा’ ऐकू येतो. आणि लेक तर आत, टेबलाशी, अभ्यास करत बसलेली! दारातली कोण? आतली कोण? रक्त नाही, किंचाळ्या नाहीत. नुसतं दार.

पाच वाजता आमचं दार उघडलं. “तादाइमा!”

अर्धा कप चहा पायजम्यावर.

“बाबा! कितवं पान?”

“एकशे बारा.”

“मग अजून काहीच झालं नाहीये.”

बुधवार, १३ ऑगस्ट

दुसरं रात्रीच संपवलं: खरी लेक केव्हाच घर सोडून गेली होती, बापाला शेवटच्या पानावर कळलं. आज तिसरं आणि चौथं एका बैठकीत! चित्रकथा. कठीण अक्षरांच्या डोक्यावर बारीक उच्चार छापलेले असतात, मुलांसाठी. मी त्याच मुलांपैकी एक. तिसऱ्यात एक पोरगा बंद पडलेल्या रोपवेत राहायला जातो. चौथ्यात कोल्ह्याची पोर माणसांच्या शाळेत नाव घालते आणि रानात परतत नाही. म्हातारा कोल्हा गोळी लागल्यासारखा गप्प बसलाय, दोन पानं भरून, एकही शब्द नाही. हे आपल्याला कधी जमलं नाही— दोन पानं गप्प बसणं.

जेवणाआधी लेखाचा मुख्य परिच्छेदच सुचला. चारपैकी चारही पुस्तकांत मूल घर सोडतं आणि बापाला ते सगळ्यांत शेवटी कळतं! सिद्धान्त मांडला: म्हाताऱ्यांचा देश, ओस पडलेली खेडी, म्हणून आजच्या जपानी लोकप्रिय वाङ्मयाचा स्थायीभावच ‘न सांगता जाणं’ हा आहे. लगेच संपादकांना पाठवला. त्यांचं उत्तर: “वा! यासाठीच तुम्ही!”

मैत्रेयीला वाचून दाखवला. तिने ‘स्थायीभाव म्हणजे काय’ असंही विचारलं नाही.

“छान आहे, बाबा. पुढचं वाच.”

गुरुवार, १४ ऑगस्ट

शेजारच्या इमारतीतल्या संजीवचा फोन. ओजिमातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, निम्म्या मराठी घरांचे कागद तोच जपानीत करून देतो.

“उल्हासराव, दाखला तयार आहे. सही करून ठेवलाय. आणून देऊ?”

“कसला दाखला?”

“तुमच्या लग्नाचा हो! वहिनींनी दिला होता ना, जपानीत करायला.” मग जीभ चावून, “...म्हणजे, असेल काही ऑफिसचं.”

चोवीस वर्षांच्या संसाराचा पुरावा अचानक जपानीत कशाला लागावा? माझ्या माहितीत असा कागद दोनदाच लागतो, एकदा लग्न दाखवायला आणि एकदा मोडायला. दाखवायचं ते सोळा वर्षांपूर्वी दाखवून झालं.

पाचवं पुस्तक उघडलं, मिटलं. जेवताना काही विचारलं नाही. दमयंतीने मागितली नसताना भेंडी वाढली. संशय बळावला.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सकाळी मंडळाचं झेंडावंदन. जिलेबी. संजीव माझी नजर चुकवून तीन वेळा पाणी प्यायला.

संध्याकाळी विचारलंच. दमयंती आधी पाहतच राहिली, मग हसायला लागली. “घटस्फोट? उल्हास, तुला घरातली नखं कापायची कात्री सापडत नाही!”

आणि हसता हसता मैत्रेयीकडे पाहून थांबली.

“माझा आहे, बाबा. अर्ज. नागरिकत्वाचा. त्याला आईवडिलांच्या लग्नाचा दाखला लागतो.”

इथलं. म्हणजे आपला पासपोर्ट परत करायचा. दोन्ही ठेवता येत नाहीत, हे मीच एकदा वार्तापत्रात समजावून सांगितलं होतं. मोठ्या रंजकपणे.

“कधीपासून चाललंय?”

“फेब्रुवारी.”

सहा महिने! दमयंतीला माहीत. संजीवला माहीत. खालच्या सातो आजींनाही असणार, एरवी त्या मला परवा उगाच दोन पीच कशाला देतील!

“आणि मी?”

“तुला सांगतच होते ना... आठवडाभर.” टेबलावरच्या पुस्तकांकडे तिने पाहिलं. “सातवं संपलं की बोलणार होते. तू मधेच लेख पाठवून दिलास.”

मी ज्याला वाङ्मयाचा स्थायीभाव म्हणत होतो, ती माझ्या मुलीने मला लिहिलेली चिठ्ठी होती. दुकानात शोधून शोधून तीच सात उचलली होती तिने. आणि मी सगळ्या देशाला सिद्धान्त लावून मोकळा!

“तोंडाने सांगायला काय झालं होतं?”

“तू नको म्हणाला असतास तर मी थांबले असते.” पुस्तकांची चळत सरळ करत, “आणि मला थांबायचं नव्हतं.”

शनिवार, १६ ऑगस्ट

कोणाशी बोललो नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण वाचतोय असंच वाटलं त्यांना.

दुपारी दमयंतीला एवढंच म्हटलं, “तू तरी सांगायचंस.”

“तिने मला विचारलं नाही, सांगितलं. मी कपाटातून फाइल काढून दिली. बस.”

“सहा महिने, दमयंती! रोज एका ताटलीतून—”

“सोळा वर्षं तू परत जायच्या गोष्टी करतोयस. कोण कोण येणार आहे, हे विचारलंस कधी?”

चिडलो भरपूर.

अर्जाबरोबर एक पान स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं असतं म्हणे: मला या देशाचं का व्हायचं आहे. मैत्रेयीने ते लिहिलंय. टेबलाशी बसलेला कोणी अनोळखी अधिकारी ते वाचणार. मी मागितलं. “ते तुझ्यासाठी नाहीये, बाबा,” असं म्हणाली. मऊ आवाजात म्हणाली, म्हणून जास्त लागलं. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचत आलेल्या माणसाला घरातलं हेच एक पान बंद!

संपादकांना कळवलं, तो परिच्छेद काढा. त्यांचा उलट निरोप: “का हो? तोच तर जीव आहे लेखाचा.”

रविवार, १७ ऑगस्ट

काल संध्याकाळी इमारतींच्या मधल्या पटांगणात ओबोनचा, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाचा, नाच होता. रिंगणात मैत्रेयी, सातो आजींच्या मागे. प्रत्येक पाऊल पाठ. बघून करावं लागत नव्हतं तिला. मी कठड्याशी उभा होतो. तिने हात केला, मीही केला, आणि रिंगण तिला पुढे घेऊन गेलं.

पासपोर्टचा राग ओसरेल. लपवाछपवीचाही ओसरेल, जरा सावकाश. तीन वर्षांनी आम्ही दोघं पुण्याला जाऊ तेव्हा पोर इथे एकटी पडेल, असं मी आज सकाळी आईला फोनवर सांगितलं. खोटं सांगितलं. तिला एकटं वाटणार नाही, याची मला भीती वाटते.