सरासरी वीस मिनिटं

६ जानेवारी २०२५, सकाळी ६.१०
निवड झाली. आपल्यासारख्या गरीब देशांत अपघात आणि ट्रॉमा केअरवर संशोधन करणारी माणसं तयार करायची, असा एक वर्षाचा ऑनलाइन कोर्स. बाकीचे अकरा जण डॉक्टर. ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, मी एकटाच. बेळगावच्या कॅज्युअल्टीत वीस वर्षं काढली, त्याचं चीज झालं.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून स्टॅटिस्टिक्स. उद्यापासून. आज ड्यूटी आहे.
सुविधाला चिकोडीला फोन केला. अभिनंदन म्हणाली. चार दिवस विश्रांतीला म्हणून माहेरी गेली आहे. दिवाळीपासून. जाताना थंडीतच उन्हाळ्याच्या कॉटनच्या साड्याही नेल्या. पहिल्यापासून तिला पुढचं बघायची सवय.

११ जानेवारी
पहिला क्लास. मेंटर मॅडम नैरोबीहून बोलतात. प्रत्येकाला विचारलं, हाच विषय का? मी म्हणालो, डेटा नाही म्हणून. सौरवचं सांगितलं नाही. संशोधनात पर्सनल आणू नये. फक्त नोंद म्हणून लिहितो: सौरव, आमचा एकुलता एक, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत संकेश्वरजवळ हायवेवर मोटरसायकल घसरली. बेळगावला पोचला नाही. माझ्या विषयाशी याचा संबंध नाही.
माझा विषय: निपाणी ते संकेश्वर पट्ट्यात अपघातानंतर ॲम्ब्युलन्स किती वेळात येते. माझा अंदाज, सरासरी वीस मिनिटं. अभ्यासाच्या मर्यादा या रकान्यात 'नाहीत' असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, उत्तर आधी लिहून मग प्रश्न विचारायला निघालाय. त्यांना इकडची माहिती नाही.

१९ जानेवारी, रविवार
पाचला उठलो. साडेसातला परत उठलो.

२ फेब्रुवारी, रविवार
पहिली मुलाखत. निपाणीजवळच्या खेड्यातल्या मालुबाई. नवरा मागच्या वर्षी ट्रकखाली गेला. फॉर्ममध्ये सोळा प्रश्न. नववा: ॲम्ब्युलन्स येईपर्यंत जखमीजवळ कोण होतं आणि त्यांनी काय केलं?
बाई म्हणाल्या, इचारा की. मी त्यांचं बीपी बघितलं. दीडशे-नव्वद. मीठ कमी करायला सांगितलं. गुडघा दुखतो म्हणाल्या, त्याचा व्यायाम दाखवला. शेजारणी जमल्या, त्यांचंही बीपी बघितलं. निघताना त्यांनी पावटा बांधून दिला.
फॉर्म कोरा. पण रॅपो उत्तम झाला. पुढच्या वेळी थेट नवव्यावर जायचं.

९ फेब्रुवारी, रविवार
पुढची वेळ. एकूण सात बीपी. फॉर्म कोरा.

१५ फेब्रुवारी
निर्णय: मुलाखती नीलम घेईल. नीलम म्हणजे आमची फील्ड वर्कर, सोशल वर्क शिकलेली, चोवीस वर्षांची, मराठी-कन्नड दोन्ही फाडफाड. लीडरनं प्रत्येक घरी जायचं नसतं.
आज सौरवला दोन वर्षं झाली. चिकोडीला विहारात वंदना होती. मला फील्ड प्लॅन करायचा होता, त्यामुळं जाता आलं नाही. सुविधाला तसं कळवलं. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.

९ मार्च
अडतीस फॉर्म आले. सरासरी चव्वेचाळीस मिनिटं.
लोकांना वेळेचा अंदाज नसतो. संकटात पाच मिनिटंही तासासारखी वाटतात. मॅडमना लिहिलं की तीसच्या वरचे फॉर्म काढून टाकले तर सरासरी बरोबर वीस येते. त्यांनी उलट विचारलं, तुम्हाला वीसच का हवेत?
प्रश्न उत्तम आहे, पण उत्तर द्यायला सवड नाही.

२२ मार्च, दुपारी १२
नीलम फॉर्म नंबर एक्केचाळीस घेऊन आली. कल्लाप्पा म्हणून संकेश्वरकडचा ट्रॅक्टर ड्रायव्हर, कारखान्याला ऊस ओढतो. हायवेवरचे तीन-चार अपघात त्यानं स्वतः बघितलेले. नवव्या प्रश्नाचं उत्तर नीलमनं त्याच्याच शब्दांत उतरवलं होतं. वाचून दाखवलं.
"दुधाचा टेम्पो थांबला हुता. आमी पोराला उचलून घालणारच. पर आदी त्येच्या मोबाइलवरनं बाला फोन लावला. बा म्हनला, मी दवाखान्यातच हाय, अजिबात हलवू नका, मान मोडंल, गाडी निघालिया, ईस मिन्टात येतीया. मी दोनदा इचारलं. दोनदा न्हाय म्हनला. दवाखान्यातला मानूस, त्येला आमच्यापरीस जास्त कळतंय. गाडी आली पंचावन्न मिन्टांनी. पोरगं चाळीस मिन्टं बोलत हुतं."
मी नीलमला म्हणालो, हा फॉर्म काढून टाक. दोन वर्षांपूर्वीचं आहे, आठवण भरवशाची नाही. ती म्हणाली, सर, त्याला टेम्पोचा नंबरसुद्धा पाठ आहे.
मग तिनं फॉर्मवरची अपघाताची तारीख बघितली. मग माझ्याकडं. मग पाणी आणायला गेली.

२३ मार्च, सकाळी
मी जे सांगितलं ते नियमाप्रमाणेच होतं. मान आणि मणक्याचा संशय असेल तर हलवायचं नाही. मी स्वतः शिकवतो हे.
फोन ठेवल्यावर मी बेड तयार केला. ऑक्सिजन लावून बघितला. सर्जनना बोलावून ठेवलं. चादर बदलली. कल्लाप्पाचे आणखी तीन फोन आले, ते मी घेतले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते.
हात मोकळे होते.
चाळीस मिनिटं बोलत होता, हे मला माहीत नव्हतं.

३० मार्च, रविवार
संकेश्वरला जाऊन कल्लाप्पाला भेटलो. नाव सांगितलं, तसा तो बाकड्यावरून उठून उभा राहिला. मी विचारलं, काय बोलत होता सौरव? तो म्हणाला, "पानी मागत हुता, सायेब. आनि पप्पा येत्यात का म्हनून इचारत हुता. मी व्हय म्हनलो."
मी सांगितलं, हे कृपा करून त्याच्या आईला कळू देऊ नका. तिला सोसवणार नाही. तो गोंधळला. म्हणाला, पोराच्या जलदान इधीच्या दिवशी त्येचा मोबाइल द्यायला तुमच्या घरला आलतो न्हवं, तवाच आक्कांना समदं सांगितलंय. तुमी आत निजला हुता.
म्हणजे दोन वर्षं तिला माहीत आहे.

१४ एप्रिल
जयंतीला सुविधा येईल असं वाटलं होतं. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती मी. आली नाही. मिरवणुकीत मंडळाच्या बायकांनी विचारलं. तिची परीक्षा आहे म्हणालो. कसली ते मलाही सुचलं नाही.

१९ एप्रिल
मॅडमना कळवलं: सगळे फॉर्म ठेवले. सरासरी सत्तेचाळीस मिनिटं. फॉर्म एक्केचाळीसमधला फोनवरचा बाप मीच, हेही लिहिलं. पुढचं काम नीलमच्या नावावर करा म्हणालो, तिला प्रश्न विचारता येतात. त्यांचं उत्तर दोन ओळींचं. वाचून लॅपटॉप बंद केला.

२० एप्रिल, रविवार
चिकोडी. सुविधा शेंगा फोडत बसली होती. बसमध्ये मी चार मुद्दे पाठ केले होते. ते राहिले. नुसतं म्हणालो, त्या दिवशी त्याला हलवू नका असं मीच सांगितलं होतं.
ती म्हणाली, "ठाऊक हाय मला."
मग का बोलली नाहीस, असं मी विचारलं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "तुमी घाबरून सांगितलं आसंल, न्हायतर बरोबर हाय म्हनून सांगितलं आसंल. त्येचा राग न्हवता मला. पावनेदोन वर्सं एका ताटाला बसलो आपन. आज सांगतील, उद्या सांगतील म्हनून मी वाट बगितली. तुमी रोज ॲम्ब्युलन्सच्या गोष्टी सांगत ऱ्हायला. मग माजं बसनं झालं न्हाय तितं."
तिनं जेवायला वाढलं. स्वतः नंतर जेवते म्हणाली.
निघताना विचारलं, पुढच्या रविवारी येऊ का? म्हणाली, "या. पर मला न्यायाला म्हनून येऊ नगा."

संकेश्वरला बसमध्ये शेजारी एक म्हातारे येऊन बसले. आण्णाप्पा नाव सांगितलं. नातवाच्या ॲडमिशनला बेळगावला निघाले होते. गप्पिष्ट. गाव विचारलं, नोकरी विचारली. मग विचारलं, मुलं किती?
एक मुलगा, मी म्हणालो.
काय करतो?
बस हायवेला लागली होती.
डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणालो.