चौकटीवरचा जुना हिरवा

प्रिय दिना,

तुझ्या मंडळाची माणसं ठाण्याहून रविवारी अमरावतीला येणार, हे कळलं. मलिद्याचे पोहे आणून ठेवलेत; नारळ, खजूर आदल्या दिवशी आणीन. जिथं आपली दोन-चारच घरं उरलीत तिथं जायचं, प्रार्थना झाली की शेजाऱ्यांना मलिद्याच्या ताटाशी बसवायचं, आपण बेने इस्राएल कोण ते सांगायचं, आणि कुणी यहुदी म्हणून छळलं असेल तर ते नीट लिहून पोलिसांत द्यायचं, हे तुमचं काम मला पटतं. अकोल्याचे किहीमकरही येतो म्हणालेत. तुझे बाबा गेल्यापासून इतकी माणसं या घरात आली नाहीत. पण आपल्या दारावरची डबी गेली म्हणून जो अर्ज लिहिलास, त्यात तू आपल्या शेजारच्या शफीकभाईंचं नाव घातलंस, तिथं माझा घास अडतो.

तुझे बाबा रेल्वेतून रिटायर झाले आणि आपण बडनेऱ्याहून इथं आलो, तेव्हा सामान सोडायच्या आधी त्यांनी दाराला मेझुझा लावली होती. बोटभर पितळी डबी, आत देवाच्या हिब्रू वचनाची गुंडाळी. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना न्यायचे. मला ते हिब्रू आजही वाचता येत नाही. मराठी वाचायलासुद्धा मी स्टेशनांच्या पाट्या बघून शिकले. पण हात शिकला. अजूनही भाजी घेऊन आले की तो आपसूक वर जातो आणि रिकाम्या चौकटीला लागतो. बोटांना रंगाचा वास येतो. समोर बाबांची खुर्ची, दाराकडे तोंड करून. बघवेना म्हणून मी ती भिंतीकडे वळवली. परवा पाहते तो पुन्हा दाराकडे. झाडताना मीच फिरवली असेल.

शफीकभाईंनी चौकट रंगवली तेव्हा आधी डबीवर कागद चिकटवला. "याच्यावर थेंब नाई पडला पायजे भाबी, साहेब वरून पाहून राहिले," म्हणाले आणि हसले. पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर तुला डबी दिसली नाही. तू म्हणालीस, रंगारी शफीकभाईच आत-बाहेर करत होते, दुसरं कोण काढणार? फोन मोठ्या आवाजावर होता, बाई. नसीमबानो माझ्या स्वयंपाकघरात नारळ खवत बसली होती. आपल्या नवऱ्याचं नाव तिनं ऐकलं. खवणी थांबली. एरवी पाय ठेवल्या ठेवल्या "काहून वं भाबी, चहा पत्ती संपली का तुही?" म्हणून भांडणारी ती, त्या दिवशी हात पुसले, अर्धा नारळ झाकून ठेवला, "येतो मी" एवढंच म्हणाली. मी तुला थांबवलं नाही, तिलाही नाही. तीन आठवडे झाले, मधल्या भिंतीवरून एक वाटी इकडे आली नाही.

मी पाठवलेला फोटो पुन्हा बघ. नव्या तपकिरी रंगात बोटभर जुना हिरवा दिसेल. रंग देताना डबी जागेवर होती, म्हणूनच तो हिरवा राहिला. ती निघाली ती रंग वाळल्यावर, शफीकभाई शिडी घेऊन गेल्यावर.

ती मी काढली, दिना. रंग वाळला त्या शुक्रवारी फाटकावर एक छापील कागद चिकटलेला होता: यहुद्यांनो, चालते व्हा. कुणी लावला, ठाऊक नाही. बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायच्या आत दोन्ही स्क्रू काढले. डबी आणि कागद, दोन्ही रव्याच्या डब्यात आहेत. तुला सांगायची लाज वाटली. मग तू आयतं नाव दिलंस आणि मी त्याच्या आड लपले. फोनवर तुझा आवाज ऐकला की जीभ टाळूला चिकटते, म्हणून हे पत्र. शफीकभाईंचं नाव खोड. तो कागद मात्र अर्जाला जोड, तो खरा आहे. आणि लिही की त्याला भिऊन एका म्हातारीनं आपल्या दाराची खूण आपल्याच हातानं काढली. तेही घडलेलंच आहे. पत्र टाकून मी नसीमबानोकडे जाणार आहे. दार उघडेल की नाही, माहीत नाही. उघडलं तर शफीकभाईंना म्हणेन, रविवारी सगळ्यांसमोर डबी पुन्हा लावायची आहे, तुम्ही ती धरा. माझा हात पोचतो तिथवर, पण फार थरथरतो.

भित्री, तरी तुझीच,
आई