रक्तातलं गवत

अण्णा,

हे पत्र लिहायचं म्हणून चार दिवसांपूर्वी वही आणली आणि चार दिवस तिच्यावर चहाचा कप ठेवतोय. चार दिवस कशाला, अकरा वर्षं म्हणा. तुम्ही गेल्यावर लगेच लिहायचं होतं, पण तेव्हा सुरतेला होतो, मग इंदूरला. मधेच गोव्यात बोटी रंगवायचं काम धरलं, तिथं समुद्राकाठी बसून निवांत लिहू म्हटलं, तर समुद्रच बघत बसलो. आता मात्र निमित्त आहे. माझ्या रक्ताचा कागद आलाय. तुम्हाला तो वाचता आला नसता, नववीतून उठलेल्या मलाही धड येत नाही, पण डॉक्टर मॅडमनी पेनानं खुणा करून समजावून दिला. ऐकताना डोक्यात पहिलं हेच आलं की हे अण्णांच्या तोंडासमोर धरायला पाहिजे.

सध्या चिकलठाण्यात आहे. एका वर्कशॉपच्या वरची खोली, एक खिडकी, आणि खिडकीखाली बंद पडलेल्या कारखान्याचा प्लॉट. त्यात कमरेएवढं गवत तुऱ्यावर आलंय. तुम्ही बघितलं असतं तर तिथूनच टेम्पोवाल्या चाचांना हाक मारली असती, दोन टेम्पो निघतील म्हणून. मला खिडकी उघडायची बंदी आहे. फटींमध्ये ओली फडकी कोंबलीत, ती दुपारपर्यंत वाळतात, परत भिजवायची. कपडेसुद्धा आतच वाळत घालतो, त्यामुळे खोलीला ओल्या पोत्यासारखा वास येतो. खालच्या लेथ मशीनचा आवाज फरशीतून पायात चढतो. ज्या माणसाचा घर सोडल्यापासून एका गावात तिसरा महिना कधी उजाडला नाही तो इथं कोंडून घेऊन बसलाय, आणि बाहेर पहाऱ्याला कोण, तर गवत.

गवतासाठीच तर आपण देवगाव रंगारीहून इथं आलो होतो. कारखान्यांच्या मोकळ्या जागांमधलं गवत कापायचं, पेंढ्या बांधायच्या आणि तबेल्यांना घालायच्या. कापणं तुमचं, टेम्पो चाचांचा, अशी तुमची भागी. मी आठ-नऊ वर्षांचा आहे, तुमच्यामागं पेंढ्या गोळा करतोय. नाक गळतंय, डोळे सुजून नुसत्या फटी राहिल्यात, आणि तुम्ही विळा न थांबवता म्हणता, "झाली का नाटकं सुरू?"

चाचा टेम्पोतून उतरतात. "अरे भाऊ, बच्चे की आँखां तो देखो. दवाखाने कू लेके जाव."

"काय दाखवायचं दवाखान्यात? गवतावर आपलं पोट हाय. ज्याच्यावर पोट चालतं ते कुणाच्या अंगावर उठतंय व्हय? सवय नाय त्याला, दुसरं काय नाय. चल रं, वर बस."

मग मला भरलेल्या टेम्पोत पेंढ्यांच्या अगदी वर बसवायचं. तबेला येईपर्यंत मी शिंकतोय, छातीत शिट्टी वाजतेय, आणि केबिनमध्ये चाचा तुम्हाला शिव्या देतायत. रोज थोडं नाकात गेलं की पोरगं तयार होईल, हा तुमचा हिशेब. आईला तो पटायचा नाही, पण तुमच्यापुढं ती बोलायची नाही. रात्री गरम मिठाची पुरचुंडी करून माझ्या कपाळाला लावायची, आणि तुम्ही उठलात तर पदराआड लपवायची.

खरबुजाचं तर तुम्हाला आठवत असेलच. तेव्हा मी बारा-तेराचा. तुम्ही मंडईतून अख्खं खरबूज आणलं होतं, माझ्यासाठी म्हणून. आपल्या घरात कुणासाठी म्हणून वेगळं काही यायचं नाही. तुम्ही स्वतः कापलं, पहिली फोड मला दिली. दोन घास खाल्ले आणि माझी जीभ, टाळू, घसा, सगळं खाजायला लागलं. मी थुंकलो. तुम्ही उरलेलं खरबूज उचललंत आणि शेजारच्यांच्या शेळीपुढं टाकून आलात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी काही आणल्याचं मला आठवत नाही.

तर कागदाचं सांगत होतो. या पावसाळ्यात छाती इतकी भरली की चाचांनीच मला दवाखान्यात नेलं. चाचा आता थकलेत, टेम्पो जावई चालवतो. मॅडम म्हणाल्या, आधी हातावर तपासणी करू, त्यासाठी ॲलर्जीची गोळी सात दिवस बंद. पाच दिवस काढले, अण्णा. पाचव्या रात्री भिंतीला टेकून बसून श्वास मोजत होतो. शेवटी गोळी घेतली आणि कुणाला सांगितलं नाही. मग हातावर ओळीनं थेंब टाकले, प्रत्येकावर सुईचा हलका टोचा. हरळी, मारवेल, ज्वारीचा फुलोरा, काय काय. पंधरा मिनिटं झाली तरी हात कोरा. मला तुमचाच आवाज ऐकू आला. झाली का नाटकं सुरू?

पण मॅडमनी शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा ठिपका प्रत्येकाला उठतो. रावापासून रंकापर्यंत. तुम्हाला नाही उठला, म्हणजे गोळीचा असर अजून अंगात आहे. गोळी कधी घेतली?"

"नाही घेतली."

"कधी घेतली?"

"परवा."

त्या हसल्या. "रक्तच तपासू. रक्ताला गोळीनं गप्प बसवता येत नाही."

रक्त पुण्याला गेलं आणि कागद आला. मला जसं कळलं तसं लिहितो. शरीर एखाद्या वस्तूला वैरी समजलं की तिच्यासाठी रक्तात प्रतिद्रव्यं तयार करून ठेवतं, दाराशी माणसं बसवावीत तशी. पण गवताचा पराग म्हणजे एक वस्तू नव्हे, त्यात बरीच प्रथिनं असतात. कुणाच्या रक्तात एकावरच पहारा असतो, कुणाच्या चार-पाचांवर, ज्याची त्याची नक्षी वेगळी. बहुतेकदा लहानपणी एकापासून सुरू होतं आणि वर्षं जातील तशी बाकीची जोडली जातात. माझ्या कागदावर अस्सल गवताची म्हणतात ती प्रथिनं तर आहेतच, शिवाय एक असं आहे जे सगळ्याच झाडांच्या परागात असतं, आणि काही फळांतही. खरबुजात असतं, अण्णा. म्हणून हरळीनं आधी डोळे सुजवले आणि तोंड खाजलं ते पुढं काही वर्षांनी.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो?" मी मॅडमना विचारलं.

"कुणाशी?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मग त्यांनी इलाजाचं काढलं. रक्तात नुसतं ते सगळ्या झाडांचं प्रथिन असतं तर गवताच्या इंजेक्शनांचा उपयोग झाला नसता. अस्सल गवताचं निघालं म्हणून होईल. इंजेक्शनात काय असतं, विचारा ना. गवतच! अगदी कणभर, मग हळूहळू वाढवत न्यायचं. मला इतकं हसू आलं की ठसका लागला. टेम्पोचं सांगितलं, तर मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वडिलांची वाट बरोबर होती, माप भलतंच होतं. त्या पेंढ्यांवर दम कोंडून पोरगं जाऊ शकलं असतं."

आणि हे तीन वर्षं. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, याच शहरात, याच खुर्चीवर. अर्धवट सोडायचं असेल तर सुरूच करू नका, असं मॅडमनी बजावलंय. पहिलं इंजेक्शन आज अकराला आहे. इंदूरची गाडी दहाला आहे. पिशवी कालच भरून दाराशी ठेवलीय. सोळाव्या वर्षी निघालो तेव्हाही अशीच भरली होती. तुम्ही गेलात तेव्हा दहाव्याला पोचलो, आणि तेव्हापासून आई माझ्याशी हो-नाहीपलीकडं बोललेली नाही. देवगावला गेलो तर ताट वाढते, आणि स्वतः बाहेर जाऊन बसते. श्वास पाहिजे तर इथं अडकून पडायचं, मोकळं फिरायचं तर दम कोंडायचा. सकाळपासून हेच चाललंय, आणि त्यातून सुटका म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

कागद तुमच्या तोंडासमोर धरायचा होता. पण एक गोष्ट त्या कागदावर नाही. मी चौदाचा होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी चाऱ्याला उसंत नव्हती, आणि मला दोस्तांबरोबर विमानतळाच्या कुंपणाशी जायचं होतं, विमान उतरताना बघायला. आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे नाक अगदी मोकळं. मी प्लॉटच्या कोपऱ्यात गेलो, हरळीचे कोरडे तुरे शोधले, मुठीत चुरले, नाकात कोंबले, डोळ्यांना चोळले. पाच मिनिटांत चेहरा फुगला. तुम्ही आलात, माझी हनुवटी वर केलीत, बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "लई झालंय रं. जा, घरी जाऊन पड." त्या एका दिवशी तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. चाचा लग्नाला गेले होते. सगळे भारे तुम्ही एकट्यानं चढवलेत आणि तुमची कंबर धरली. ती पुढं सरळ झालीच नाही. विमानाला उशीर झाला म्हणून ते काही आम्हाला दिसलं नाही. एवढंच सांगायचं होतं. पत्र कुठं टाकणार, वहीतच राहील.

मघापासून खाली चर्र चर्र आवाज येतोय. मला वाटलं कंपनीची माणसं आली असतील. आत्ता फटीतलं फडकं काढून काचेतून बघितलं. आई आहे. आपली आई. तुमची माती झाली त्या दिवसापासून तिनं या शहरात पाय ठेवला नव्हता. चाचांनी फोन केला असणार. पदर कमरेला खोचलाय, हातात विळा आहे, खिडकीखालचं अर्धं गवत आडवं झालंय, आणि तिच्याभोवती तुऱ्यांची पिवळी धूळ उडतेय. वॉचमन तिला ओरडतोय आणि ती मान वर न करता सांगतेय, "माझं लेकरू राहतंय वर. त्याला सोसत नाय हे."