रिकामी ठरलेली खोली

१४ जानेवारी २०१४, बर्कनहेड

ग्लेनिसची खोली रिकामी! कौन्सिलचं पत्र आलं. बायको जिवंत होती तोवर तिच्या आजारपणामुळे कपात माफ होती. आता घरात माणूस एक, झोपायच्या खोल्या दोन — एप्रिलपासून घरभाड्याची मदत कापणार. कारखाना बंद झाल्यापासून त्या मदतीवरच भाडं निघतं. पत्र दोनदा वाचलं. असले कागद तीच वाचायची, तीच भरायची. मी ती बोट ठेवील तिथे सही करायचो.

१६ जानेवारी

शेजारची मॅव्हिस पातेलंभर स्काउस घेऊन आली. बटाटे जास्त, मटण कमी. मग म्हणाली, "लेन, राग मानू नकोस. आमची लेक केरी तीन पोरं घेऊन एका खोलीत झोपते. तू एकटा दोन खोल्यांत! हा न्याय आहे का?"

"नाही," म्हटलं.

"अरे, असं लगेच कबूल करू नकोस! भांडायची तयारी करून आले होते मी."

१७ जानेवारी

इथे लिहायला हरकत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात सर्वेक्षणवाली मुलगी आली होती. एकेक प्रश्न वाचायची, उत्तरांचं कार्ड पुढे करायची. 'जास्तीची खोली असणाऱ्यांची मदत कापावी का?' मी म्हणालो, "कापावी. योग्यच आहे. कौन्सिलच्या घरांसाठी लोक रांगेत उभे आहेत." डोळ्यांसमोर कोपऱ्यावरचा तो होता, छपरावर टीव्हीची डिश लावून दोन कुत्री पाळणारा. आम्ही नव्हतो.

ग्लेनिसच्या खोलीचं दार उघडं होतं. मुलगी गेल्यावर आतून आवाज आला — "लेन, माझी खोली देऊन टाकलीस का रे?" आणि खोकला येईपर्यंत हसली. मीही हसलो.

३ फेब्रुवारी

ऑक्सिजनचं यंत्र नेलं. गालिच्यावर चाकांचे चार खळगे. पायाने घासून पाहिले. जात नाहीत.

१८ फेब्रुवारी

ठरवलं. जातो. केरीची पोरं तरी पाय पसरून झोपतील. मॅव्हिसला सांगितलं तर आधी रडली, मग म्हणाली, "जाशील कुठे? एका खोलीची घरं आहेत कुठे या गावात! तिला मोठं मिळेना, तुला छोटं. बसा दोघं रांगेत म्हातारे होत!"

२० फेब्रुवारी

कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. रांगेत नाव लावा म्हटलं. काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली. "मिस्टर रिमर, तुमचं नाव आहे की! नोव्हेंबर २०१२ पासून. बरेच वर आलात."

चूक असेल, म्हटलं. तिने अर्ज काढून समोर ठेवला. सही माझीच. बाकी सगळं अक्षर ग्लेनिसचं.

झोपायच्या खोल्या किती हव्यात — एक.

राहणारी माणसं — एक.