एका 'नको'चा नियम

गुरुवार, १३ फेब्रुवारी. कॉव्हेंट्री

नियम पास झाला! डोंगरावर एकानं जरी 'नको' म्हटलं तरी सगळ्यांनी मागे फिरायचं. काशीनाथकाका तासभर भांडले — "आयुष्यभर बहुमत मानलं, रूपाली, आता एकाचा व्हेटो?" आमच्या विहारात नव्या चटयांचा रंगसुद्धा हात वर करून ठरतो. मी म्हटलं, काका, बर्फ मतं मोजत नाही. शेवटी नियमही मतदानानंच — मी, माझा नवरा विक्रांत आणि काकांची नात दिया, विरुद्ध काका!

शुक्रवार, १४. एव्हिमोर, डोंगराच्या पायथ्याशी

दिवसभर बर्फ. वारा नैऋत्येचा, म्हणजे सगळा बर्फ उडवून पलीकडच्या अंगावर नेऊन टाकणार. बर्फ कोसळण्याच्या धोक्याच्या रिपोर्टमध्ये ते उतार केशरी, म्हणजे धोका बराच.

शनिवार, १५

आज मी मला खूप आवडले! लिहितेच.

शिखर अर्ध्या तासावर. पायाखालचा बर्फ पोकळ वाजला, बुटापासून लांब चीर गेली. खड्डा खणला, चौकोन कापला, वर फावडं ठेवून हातानं थापलं — तिसऱ्या थापेला वरचा थर सरकून बाहेर, म्हणजे हा उतार कधीही कोसळेल. विक्रांत म्हणे, "एवढ्या लांब ड्राइव्ह करून आलोय यार!" काकांनी सवयीनं मतदान घेतलं. वर जायला तीन हात. मी म्हटलं, नको. संपलं!

नवऱ्याचं तोंड एवढंसं. पण सगळे वळले. मी नागपूरची, तिशीपर्यंत बर्फ फक्त फ्रीजरमध्ये बघितलेला, आणि आज माझ्या एका शब्दावर तिघं वळले.

उतरताना वाऱ्यानं जीव नकोसा केला. खाली दोन मोठे खडक दिसले, त्यांच्यामागे वारा अजिबात नाही. तिथेच बसवलं सगळ्यांना. दिया कुरकुरली, "मावशी, इथे नको ना. वरती बर्फ खूप जाड दिसते." म्हटलं, अगं, एवढा छान आडोसा सोडून कुठे जातेस, बस. बसली बिचारी. थर्मासचा चहा, चिवडा, अर्धा तास गप्पा. काका म्हणाले, "पोरी, तू होतीस म्हणून." डोळे भरून आले माझे.

रविवार, १६. घरी

काकांनी गाडीतूनच विहारात फोन लावला — "आमच्या रूपालीनं चौघांचे जीव वाचवले!" पुढच्या महिन्यात सगळ्यांना मी शिकवायचं. नको नको म्हटलं, पण मनातून हवंच होतं. विक्रांतनं सॉरी म्हणून पोहे केले, खारट. तरी दोनदा घेतले.

सोमवार, १७

रिपोर्टमध्ये फोटो आलाय. काल दुपारी बर्फ कोसळला. शिखराच्या वाटेवरचा नाही. तो उतार जसाच्या तसा आहे. कोसळला तो चहाच्या जागेवरचा. खडक दिसतच नाहीत.

काकांचा मेसेज — शिकवायची तारीख सांग.

दिया 'नको' म्हणाली होती.